दातवणाचा गुण : काडीतला, अर्कातला आणि नावातला

झाडाची ओली काडी तोडून, तिचे एक टोक चावून कुंचल्यासारखे करून दात घासण्याच्या पद्धतीला संस्कृत ग्रंथ दंतधावन म्हणतात आणि मराठी माणूस त्या काडीला दातवण म्हणतो. कर्नाटकाच्या उत्तर टोकाकडे, बीदर जिल्ह्यात, पूर्वी औराद आणि आता कमलनगर तालुक्यात मोडणाऱ्या ठाणाकुशनूरच्या काळ्या रानात या काडीची झाडे मुद्दाम लावावी लागत नाहीत. कडुलिंब, बाभूळ, करंज आणि तरवड बांधावर किंवा वाटेच्या कडेला असतात आणि पावसाळ्यात आघाडा कुठेही उगवतो. या झाडांच्या रसात जिवाणूंना आवर घालणारी द्रव्ये आहेत, हे विधान आज टूथपेस्टच्या खोक्यावर जितक्या सहजतेने छापले जाते तितकेच प्रयोगशाळेच्या अहवालातही लिहिले जाते. मात्र बांधावरची काडी, काचेच्या बशीतला अर्क आणि खोक्यावरचे नाव या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि एकीचा गुण दुसरीला आपोआप लागू होत नाही. दातवणाविषयीचा बराचसा गोंधळ हा फरक विसरल्याने झालेला आहे.

एका झाडाची चार नावे

१९५६च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद संस्थानातला जुना बीदर जिल्हा फुटला. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तेव्हाच्या द्विभाषिक मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात आले, तर औराद, भालकी आणि हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिले. सीमा माणसांमधून गेली तरी झाडांमधून जाऊ शकली नाही, आणि या पट्ट्यात एकाच झाडाला आजही मराठीत लिंब, कन्नडमध्ये बेवु, उर्दूत नीम आणि तेलुगूत वेप म्हणतात. मराठी घरात पाडव्याला लिंबाचा पाला गुळाबरोबर खाल्ला जातो, त्याच दिवशी कन्नड घरात युगादीचे बेवु-बेल्ल वाटले जाते.

आघाड्याचे नातेही असेच घरगुती आहे. ऋषिपंचमीला स्त्रिया आघाड्याच्या काडीने दात घासतात आणि नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात आघाड्याची डहाळी डोक्यावरून ओवाळतात. मुसलमान घरांत दातवणाला मिसवाक म्हणतात, आणि खरा मिसवाक पीलू या झाडाच्या मुळीचा किंवा काडीचा असतो. म्हणजे या परिसरात दातवण हा कोणत्याही एका धर्माचा वा भाषेचा वारसा नसून कोरडवाहू मुलखाचा समाईक व्यवहार आहे.

अशा व्यवहाराची शास्त्रीय नोंद कर्नाटकात झालेली आहे. धारवाड जिल्ह्यातील दंतोपचाराच्या वनस्पतींवर हेब्बार आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दातदुखी, कीड, हिरड्यांतून पू येणे आणि तोंड येणे यांवर लोक वापरत असलेल्या ३५ वनस्पती नोंदवल्या आहेत. बीदर जिल्ह्यातील स्त्रीरोगांवरील झाडपाल्याची नोंद गुलबर्गा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये केली. अशा सूचीमुळे कोणती वनस्पती कशासाठी वापरली जाते हे कळते, तिचा उपयोग खरोखर होतो का, हे मात्र सूचीवरून ठरत नाही, कारण नोंद हा पुरावा नसून पुराव्याची सुरुवात असते.

ग्रंथांतली काडी

आयुर्वेदाच्या तिन्ही प्रमुख ग्रंथांत दंतधावनाचा विचार आहे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात दिवसातून दोन वेळा दात घासण्यास सांगितले असून तुरट, तिखट आणि कडू रसांच्या काड्या योग्य मानल्या आहेत. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात काडी बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ आणि बिनगाठीची असावी, तिचा कुंचा मऊ असावा, एकेक दात स्वतंत्रपणे घासावा आणि हिरडीला इजा होऊ देऊ नये, असे बारकावे येतात. तिथेच कडू रसात निंब, तुरट रसात खैर, तिखट रसात करंज आणि मधुर रसात मधूक श्रेष्ठ ठरवले आहेत. तिसऱ्या ग्रंथात वाग्भटाने ज्याला अजीर्ण, उलटी, ताप किंवा तोंड आलेले आहे अशा माणसाला काडी वापरू नये असे सांगितले आहे. धर्मशास्त्राने तर काही तिथींना काडी वर्ज्य करून त्या दिवशी बारा चुळा भरण्याचा पर्याय दिला.

या वर्णनात औषधाइतकाच भर साधनावर आणि हाताच्या रीतीवर आहे. काडीची जाडी, कुंच्याचा मऊपणा, एकेक दात वेगळा घासणे आणि हिरडी सांभाळणे हे सगळे नियम ब्रशच्या वापरालाही जसेच्या तसे लागू पडतात. आजही दातवण करणारा माणूस नकळत हाच क्रम पाळतो. करंगळीएवढी कोवळी काडी तोडून तो पाने ओरबाडतो, दाताने टोकाची साल सोलतो, टोक दाढेखाली धरून हळूहळू चावतो आणि तंतू सुटे झाले की तोंडात जमलेले कडू पाणी थुंकून मगच घासायला लागतो. घासून झाल्यावर तीच काडी उभी चिरून तिच्या दोन फाकांपैकी एकीने जीभ खरवडतो आणि दोन्ही फाका टाकून देतो. या प्रकाराला निवांत वेळ लागतो, आणि तो वेळ हा दातवणाचा एक गुणच आहे.

तोंडात काय घडते

मानवी तोंडात जिवाणूंच्या सुमारे सातशे जाती आढळतात. हॉलंडमधील अँटनी लेवेनहूक याने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातील हलणाऱ्या जीवांचे वर्णन लिहिले, तर अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर याने १८९० मध्ये जिवाणू पिठूळ व गोड अन्नापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात झिजवते, हा सिद्धांत मांडला. कीड लागण्याशी ज्याचा विशेष संबंध आहे तो स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हा जिवाणू १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये जे. किलियन क्लार्क याने वेगळा केला.

या जिवाणूची खरी ताकद साखरेपासून गोंद बनवण्यात आहे. साखरेचे रेणू जोडून तो ग्लुकन नावाचा चिकट पदार्थ तयार करतो, त्या गोंदाने दाताला धरून राहतो आणि इतर जिवाणूंनाही सोबत बसवतो. अशा तऱ्हेने तयार होणाऱ्या संघटित थराला जैवपटल म्हणतात, दंतवैद्य त्याला प्लाक म्हणतात आणि लाळेतल्या चुन्याने तो कडक झाला की त्यालाच मराठीत कीटण म्हणतात. थराखाली आम्लता वाढून सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दाताचे टणक आवरण, म्हणजे एनॅमल, विरघळू लागते. सामू हे आम्लता मोजण्याचे माप असून तो जितका कमी तितके आम्ल तीव्र असते. लाळ ते आम्ल धुऊन काढते, परंतु दर तासाला गोड चहा, बिस्किट किंवा गोळी तोंडात जात राहिली तर लाळेला उसंत मिळत नाही. मांजरा खोऱ्यातला ऊस आणि जवळपासचे साखर कारखाने यांमुळे या भागाला साखर परकी नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बारा वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांचे आणि ३५ ते ४४ वयोगटातल्या ८०.२ टक्के माणसांचे दात किडलेले आढळले होते.

थरातले जिवाणू सुट्या जिवाणूंपेक्षा औषधाला कितीतरी कमी दाद देतात, कारण औषध गोंदातून सहज आत शिरत नाही आणि आतले जिवाणू मंदगतीने जगत असतात. म्हणून प्रयोगशाळेत जिवाणू मारणारे द्रव्य तोंडात तितकेच चालेल, असे गृहीत धरता येत नाही. थर आधी घर्षणाने मोडावा लागतो, आणि काडीच्या तंतूंचे महत्त्व नेमके इथे आहे.

बशीतले वर्तुळ

वनस्पतींच्या जिवाणुरोधी गुणांवरचे बहुतेक निबंध एका साध्या चाचणीवर उभे असतात. पाने किंवा साल सावलीत वाळवून त्यांची पूड करतात, ती पाण्यात, अल्कोहोलात किंवा मिथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढतात आणि तो आटवून घट्ट करतात. मग आगर नावाच्या, समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीच्या बशीत जिवाणू पसरवून मध्ये अर्काचा थेंब ठेवतात आणि बशी ३७ अंश सेल्सिअसला एक-दोन दिवस राखतात. थेंबाभोवती जिवाणू उगवले नाहीत तर स्वच्छ वर्तुळ दिसते, आणि त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून अर्काची ताकद सांगितली जाते. दुसऱ्या चाचणीत अर्क पातळ करत नेऊन जिवाणूंची वाढ थांबवणारे सर्वांत कमी प्रमाण शोधतात, त्याला किमान प्रतिबंधक प्रमाण म्हणतात.

वर्तुळ दिसणे ही आशादायक गोष्ट असली तरी ते फसवेही असते. लहान रेणू जेलीत लांब पसरतात आणि मोठे रेणू जागेवर अडकतात, त्यामुळे मोठे वर्तुळ म्हणजे अधिक प्रभावी औषध असे म्हणता येत नाही. अर्कात उरलेले अल्कोहोल स्वतःच जिवाणू मारू शकते. शिवाय बशीत अर्क चोवीस तास जागेवर असतो, तर तोंडात चूळ अर्धा मिनिट टिकते आणि लाळ तिला लगेच पातळ करते. अशी वर्तुळे शेकडो वनस्पतींबाबत मिळालेली आहेत, पण त्यांतून रोजच्या वापरापर्यंत पोहोचलेली उदाहरणे मोजकीच आहेत.

त्या मोजक्या उदाहरणांत मराठी स्वयंपाकघरातली दोन द्रव्ये आहेत. ओव्याच्या तेलातला मुख्य घटक थायमॉल आहे आणि १८७९ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या लिस्टेरिन या माउथवॉशच्या चार तेलद्रव्यांपैकी तो एक आहे. लवंगेच्या तेलाचा मोठा हिस्सा युजेनॉल हे द्रव्य असून ते जिवाणू रोखते आणि दुखणेही कमी करते, म्हणून दंतवैद्य झिंक ऑक्साइडबरोबर त्याचा लगदा करून किडलेल्या दातात तात्पुरता भरतात. दाढ दुखू लागल्यावर दाताखाली लवंग धरण्याचा घरगुती उपाय अशा रीतीने दवाखान्यात जाऊन बसला.

मारणे आणि चिकटू न देणे

लिंबाच्या काडीविषयीचा सर्वांत उद्बोधक प्रयोग १९९६ मध्ये लॉस एंजेलिस येथे वोलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी केला. काडीचा पाण्यातला अर्क प्रति मिलिलिटर ३२० मायक्रोग्रॅमपर्यंत वापरूनही तपासलेल्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंची वाढ थांबली नाही, म्हणजे बशीतल्या वर्तुळाच्या हिशेबाने तो नापास ठरला असता. परंतु त्याच अर्काने ग्लुकन बनण्याची क्रिया लक्षणीयरीत्या मंदावली आणि लाळेचे आवरण चढवलेल्या, दातासारख्या पृष्ठभागावर जिवाणूंचे चिकटणे कमी झाले. काडी जिवाणूला मारत नव्हती, तिने त्याचा गोंद बिघडवला होता.

या निष्कर्षाने ग्रंथांतल्या तुरट रसाचा अर्थही उलगडतो. बाभूळ, खैर किंवा आवळा तोंडात धरला की जीभ आणि गाल आखडल्यासारखे होतात, कारण या वनस्पतींतील टॅनिन ही द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना बांधून त्यांचे बारीक साके करतात. जिवाणूची गोंद बनवणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे रेणू, हीसुद्धा प्रथिनेच असल्याने त्यांनाही टॅनिन बांधू शकतात. कडू रस लाळ वाढवतो आणि लाळ आम्ल धुऊन काढते. पीलूच्या मुळीचे प्रकरण मात्र वेगळे आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवल्याप्रमाणे तिच्यातील बेंझिल आयसोथायोसायनेट हे मोहरीच्या तिखटपणाशी नाते असलेले द्रव्य हिरड्यांच्या रोगाशी संबंधित काही जिवाणूंना प्रत्यक्ष मारते. यावरून कोणते झाड कशासाठी हा प्रश्न वेगवेगळा विचारावा लागतो हे स्पष्ट होते, आणि सगळ्याच वनौषधींना जिवाणुनाशक हा एकच शिक्का मारला की हा भेद हरवतो.

सर्व जिवाणू मारणे हे उद्दिष्टही संशयास्पद आहे. जिभेवरचे काही जिवाणू पालेभाज्यांतल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि ते शरीरात रक्तवाहिन्या सैल ठेवण्यास मदत करते. निरोगी माणसांनी आठवडाभर क्लोरहेक्सिडिन या प्रभावी जिवाणुनाशकाच्या चुळा भरल्यावर त्यांचा रक्तदाब थोडा वाढल्याचे लंडनमधील एका अभ्यासात २०१३ मध्ये आढळले.

माणसांवरचे प्रयोग

तुलनेचा मापदंड म्हणून दंतवैद्यक हेच क्लोरहेक्सिडिन वापरते. १९७० मध्ये लो आणि शिओट यांनी त्याच्या चुळांनी ब्रशशिवायही प्लाक रोखता येतो हे दाखवले, परंतु दीर्घ वापराने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बदलते. वनस्पतींच्या अर्कांना जागा आहे ती या त्रुटीमुळे. कर्नाटकातच मणिपाल येथे लिंबाच्या पानांच्या अर्काच्या जेलची सहा आठवडे चाचणी होऊन २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत क्लोरहेक्सिडिनच्या तुलनेत जेलने प्लाक आणि जिवाणूंची संख्या अधिक कमी केल्याचे नोंदले गेले. हिरडा, बेहडा आणि आवळा यांच्या त्रिफळा चुळांवरचा बजाज आणि टंडन यांचा २०११ चा अभ्यास त्याहून मोठा होता. त्यात ८ ते १२ वर्षांच्या १४३१ विद्यार्थ्यांना नऊ महिने तपासले गेले आणि त्रिफळा व क्लोरहेक्सिडिन यांच्या परिणामांत महत्त्वाचा फरक आढळला नाही.

याउलट तेलाच्या चुळांवरचा, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला आणि वारंवार उल्लेखला जाणारा एक अभ्यास २० किशोरवयीन मुलांवर आणि १० दिवसांपुरता होता. तीळतेलाने फायदा दिसला खरा, परंतु इतक्या थोड्या मुलांवरून आणि इतक्या थोड्या दिवसांवरून दात पडायचे थांबतील असे म्हणणे म्हणजे एका पावसावर वर्षाचे पीक मोजण्यासारखे आहे.

शिवाय अशा बहुतेक चाचण्यांत प्लाक आणि हिरड्यांची सूज मोजली जाते, किडलेले दात नव्हेत, कारण कीड दिसायला वर्षे लागतात. कीड रोखण्याबाबत सर्वांत भक्कम पुरावा फ्लोराइडचा आहे, जे एनॅमलमध्ये बसून ते आम्लाला अधिक टिकाऊ करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आवश्यक औषधांच्या यादीत घातली. लिंब किंवा बाभूळ हिरडीला मदत करू शकतात, पण फ्लोराइडची जागा घेत नाहीत.

खोक्यावरचे नाव

काडीचा तिसरा अवतार बाजारातला आहे. १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी मुंबईत परळला सुरू केलेल्या विको कंपनीने अनेक वनस्पतींची वज्रदंती पावडर महाराष्ट्राच्या घराघरांत नेली. वज्रदंती हे पिवळ्या कोरांटीचे संस्कृत नाव. अशी उत्पादने औषध मानायची की प्रसाधन, हा अबकारी कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बाभूळ हे झाडाचे आणि मिसवाक हे काडीचे नाव तर थेट टूथपेस्टच्या नावांत आले.

नाव आले म्हणून झाड आत किती आले हे कळत नाही. आयुर्वेदिक परवान्याने बनणाऱ्या मंजनाच्या वेष्टनावर घटक वनस्पतीचे नाव, वापरलेला भाग आणि प्रमाण छापावे लागते, म्हणून वाचणाऱ्याला तिथे काही माहिती मिळते. प्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या पेस्टवरच्या हिरव्या पानाच्या चित्रातून मात्र यातले काहीच कळत नाही. पेस्टमध्ये अर्क असला तरी काडीचे तंतू, चावण्याचा वेळ आणि त्याने सुटणारी लाळ या गोष्टी त्यात नसतात.

झाडाचे म्हणून निरुपद्रवी नव्हे

वनस्पती नैसर्गिक असल्याने अपाय करत नाही ही समजूत ग्रंथांतल्या यादीवरूनही टिकत नाही. चरकाने दातवणासाठी सांगितलेल्या झाडांत कण्हेर आणि रुई आहेत, पैकी कण्हेरीत हृदयाची गती बिघडवणारी विषारी द्रव्ये असतात आणि रुईचा चीक डोळ्यात गेल्यास इजा करतो. लिंबाची काडी चावून थुंकणे वेगळे आणि लिंबाचे तेल पिणे वेगळे, कारण तान्ह्या बाळांना ते पाजल्याने गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. लवंगेचे तेल पातळ न करता लावले तर हिरडी भाजते. गोवरीची राख, कोळसा आणि विटेची पूड यांनी दात चमकतात, पण हिरडीजवळचा दाताचा मऊ भाग झिजून तिथे खाच पडते.

सर्वांत मोठा धोका मात्र दात घासण्याच्या नावाने तोंडात गेलेल्या तंबाखूचा आहे. तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून केलेली पूड, म्हणजे मशेरी किंवा मिश्री, मराठी मुलखात बोटाने दातांवर फिरवली जाते, आणि एकदा सवय लागली की ती दिवसातून अनेकदा लावली जाते. तीही वनस्पतीच आहे. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, परंतु घरच्या तव्यावर ती पोहोचू शकत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले.

तांबूलाचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. बीदर जिल्ह्यातलेच बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी होती आणि बाराव्या शतकात तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या उपभोगांत तांबूलभोगाला स्वतंत्र स्थान आहे. विड्याच्या पानात जिवाणू रोखणारी द्रव्ये आहेत, काताचा तुरटपणा टॅनिनचा आहे आणि लवंगेत युजेनॉल आहे. तरीही विड्यातली सुपारी कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. तीन घटक तोंडाला उपकारक असले तरी चौथ्याचा अपकार त्याने पुसला जात नाही, हे या एका विड्यावरून शिकता येते.

कोणत्या तोंडात, कोणती काडी

या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ असा की, बांधावर लिंब असलेल्या माणसाने काडी सोडण्याचे कारण नाही आणि हाताशी ब्रश असलेल्याने तो टाकून काडीकडे वळण्याचेही कारण नाही. कोवळी काडी हिरडी न दुखवता, एकेक दात आतून-बाहेरून घासण्यासाठी वापरली तर ती थर मोडते, काही अंशी त्याचा गोंद रोखते आणि रोज नवी असते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी मात्र फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि कमी वेळा गोड, या दोन गोष्टींना कोणतीही काडी पर्याय नाही. मशेरीच्या जागी काडी आली तर त्या बदलाइतका लाभ दुसऱ्या कोणत्याही अर्कातून मिळणार नाही.

अभ्यासकांसाठीही एक काम उरते. कलबुर्गीत, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्ग्यात, दंत महाविद्यालय आहे आणि वनस्पतिशास्त्र शिकवणारे विद्यापीठही आहे. झाडाचा अर्क काढून वर्तुळ मोजण्याआधी काडी कोणत्या महिन्यात तोडली जाते, ती किती वेळ चावली जाते, साल सोलली जाते की ठेवली जाते आणि जीभ कोणत्या फाकेने खरवडली जाते, हे ठाणाकुशनूरसारख्या गावांत लिंब, बेवु, नीम आणि वेप म्हणणाऱ्या चौघांनाही विचारले गेले, तर चाचणीला येणारा अर्क प्रत्यक्ष वापरातल्या काडीच्या अधिक जवळ जाईल.